अण्णांचा अहवाल आणि न विचारलेला आकडा

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर,
माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६७ वर्षांचे असून ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मेटफॉर्मिनसह मधुमेहाच्या दोन गोळ्या, रक्त पातळ ठेवण्याच्या दोन, रक्तदाबाची एक आणि कोलेस्टेरॉलची एक अशी औषधे चालू आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११८, जेवणानंतरची १६४, पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ८.१ आली. शंका आली म्हणून चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासले, तिथे ७.९ आली. एकूण कोलेस्टेरॉल १७४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९४, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) १.२ आणि हिमोग्लोबिन १०.४ आहे. रोजची साखर चांगली असताना तीन महिन्यांची वाईट कशी? तपासणीआधी दोन दिवस अण्णा भात आणि गोड बंद ठेवतात, इतके ते काटेकोर आहेत. एलडीएल नॉर्मल आले म्हणून, आणि त्या गोळीने साखर वाढते असे शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून, त्यांना ती गोळी बंद करायची आहे. माझ्या भावाचे म्हणणे आहे की ऐंशी-नव्वद चाचण्यांचे ‘फुल बॉडी चेकअप’ करून टाकावे, म्हणजे हृदयात ब्लॉकेज आहे का तेही कळेल. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

आपण आकडे व्यवस्थित लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. आपल्या सर्व प्रश्नांकडे मी येणारच आहे, परंतु ज्या आकड्याने मला सर्वांत आधी थांबवले, त्याविषयी आपण काहीच विचारलेले नाही. तो म्हणजे हिमोग्लोबिन १०.४. प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्याच चिंतेत असलेल्या घरात हा आकडा ‘वय झाले, खाणे कमी झाले’ असे म्हणून मागे पडतो, हे मी प्रयोगशाळेत असताना असंख्य वेळा पाहिले आहे. ६७ वर्षांच्या पुरुषाला रक्तक्षय केवळ वयामुळे होतो असे धरून चालता येत नाही. त्याचे कारण शोधावेच लागते.

अण्णांच्या बाबतीत तर शोधण्याच्या जागाही स्पष्ट दिसतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र चालू असताना जठरातून किंवा आतड्यातून थोडे थोडे रक्त महिनोन्‌महिने झिरपत राहू शकते आणि पोटात दुखलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे आजच अण्णांना विचारा, की शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो का. लाजून ते सांगणार नाहीत, म्हणून हे आईने किंवा भावाने विचारलेले बरे. उत्तर होकारार्थी असेल, किंवा चक्कर आणि जिना चढताना धाप हे नव्याने सुरू झाले असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उत्तर नकारार्थी असले तरी शौचातील न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, या चाचण्या करून घ्याव्यात. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी होते आणि त्यानेही रक्तक्षय होतो, म्हणून त्याच वेळी बी-१२ तपासावे. मात्र रक्त पातळ ठेवणारी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, असलेल्या माणसासाठी ते धोक्याचे आहे. अँजिओप्लास्टीला दोन वर्षे झाल्यानंतर दुसरी गोळी अजून आवश्यक आहे का, हा प्रश्न मात्र हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. बहुतेक रुग्णांत ती ठरावीक मुदतीसाठीच दिलेली असते आणि मुदत संपल्यावरही चिठ्ठीवर तशीच राहून जाते.

हिमोग्लोबिनचा हा मुद्दा आपल्या पहिल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. रक्तातील साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जिवंत असेपर्यंत चिकटलेलीच राहते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात असे वेगळे हिमोग्लोबिन असते, हे तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल रहबर यांच्या १९६८ मधील निरीक्षणातून पुढे आले आणि एचबीएवनसी ही चाचणी त्यातूनच उभी राहिली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. लोह कमी असले, की एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त येऊ शकते. बी-१२ च्या कमतरतेतही तसेच होते. उलट नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर ती फसवी कमी येते. पेठ, सुरगाणा अशा आपल्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्यांच्यात ही चाचणी एकटी विश्वासाची राहत नाही, तिथे फ्रुक्टोसामिनसारखी वेगळी चाचणी किंवा घरच्या नोंदी वापराव्या लागतात. तेव्हा अण्णांच्या ८.१ मध्ये काही वाटा रक्तक्षयाचा असू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर पुढच्या वेळी हाच आकडा खाली आला, तर तो सगळा पथ्याचा परिणाम आहे असे समजून गोळी कमी करण्याची घाई करू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर सांगितले.

परंतु सगळा दोष रक्तक्षयावर टाकता येणार नाही. एचबीएवनसी ८.१ म्हणजे सरासरी साखर साधारण १८६. अण्णांची उपाशीपोटी ११८ आणि जेवणानंतर १६४ त्या सरासरीच्या बऱ्याच खाली आहेत, आणि त्याचे कारण आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे: तपासणीआधी दोन दिवस भात बंद, गोड बंद. आपण याला काटेकोरपणा म्हणता, पण या दोन दिवसांनी अहवालात अण्णांचे रोजचे जगणे उतरतच नाही. ती दोन दिवसांची साखर आहे आणि एचबीएवनसी जानेवारीपासूनची आहे. नाशिककरांना जानेवारी ते मार्च म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडचे कोणी ना कोणी नातलग द्राक्षांची पेटी घरी पोहोचवतात, आणि ताटात वाटी, टीव्ही समोर वाटी असे सुरू होते. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १५ ते १६ ग्रॅम साखर असते. द्राक्षे वर्ज्य करा असे मी म्हणत नाही. मूठभर खावीत, जेवणाला जोडून न खाता दोन जेवणांच्या मध्ये खावीत. आपल्या घरी पेटी आली होती की नाही, हे मला माहीत नाही. पण एचबीएवनसीचा सुमारे निम्मा भाग तपासणीच्या आधीच्या महिन्यातूनच येतो, म्हणून मार्चमध्ये घरात काय खाल्ले गेले ते आठवून पाहा. पुढच्या वेळी अण्णांनी नेहमीसारखेच जेवावे. दरम्यान घरच्या ग्लुकोमीटरवर आठवड्यातून दोन-तीन वेळा, कधी दुपारच्या तर कधी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहून वहीत लिहावी. मीटरचा आकडा लॅबच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य प्रमाणातच धरला जातो. ८.१ आणि ७.९ हाही खरा फरक नाही. एकाच माणसाचे रक्त दोन यंत्रांवर तपासले तर इतके मागेपुढे होतेच. त्यामुळे ‘कोणती लॅब खोटी’ हा शोध सोडून द्या, आणि यापुढे एकाच लॅबमध्ये तपासत जा. तिच्या अहवालावर एनएबीएलचे चिन्ह असेल, म्हणजे तिची गुणवत्ता बाहेरच्या संस्थेने तपासलेली असेल, तर उत्तम.

नमुना कसा घेतला जातो याबाबत मात्र चोखंदळ राहा. मी ज्या प्रयोगशाळेत सुरुवातीला काम करत होते, तिथे उन्हाळ्यात घरोघरी जाऊन नमुने आणणारा मुलगा सातपूर, अंबड करत अकरा वाजता परत यायचा. एका बाईंची उपाशीपोटीची साखर १०४ आली, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली. आठ दिवसांनी त्या स्वतः लॅबमध्ये आल्या आणि तिथेच घेतलेल्या नमुन्यात १३८ निघाली. पहिला नमुना साध्या नळीत, उन्हात चार तास फिरला होता. रक्त नळीत काढले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के साखर अशी कमी होते, उष्णतेत त्याहून जास्त. ती नळी मीच तपासली होती आणि वेळ विचारली नव्हती, याची खंत मला अजून आहे. म्हणून साखरेचे रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात फ्लोराइड असते आणि ते पेशींचे हे काम रोखते. एचबीएवनसीची नळी जांभळ्या झाकणाची असते आणि तिला या वेळेचा त्रास होत नाही. घरी येणाऱ्या तंत्रज्ञाला ‘साखरेची राखाडी नळी आहे ना, आणि लॅबमध्ये किती वाजता पोहोचेल?’ असे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगला तंत्रज्ञ आनंदाने उत्तर देतो.

उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास, पंधरा-सोळा नव्हे. पाणी प्यावे, चहा नको. रक्तदाबाची आणि हृदयाची सकाळची गोळी पाण्याबरोबर घेता येते, मधुमेहाची मात्र रक्त दिल्यानंतर नाश्त्याबरोबर घ्यावी, अर्थात डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर. मधुमेही माणसाने पहिल्या रांगेत जावे. नंबर लागेपर्यंत दहा वाजले आणि साखर उतरून घाम फुटला, असे प्रसंग घडतात, म्हणून खिशात साखरेची पुडी असू द्या. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. गोदापार्कला भरभर फेरी मारून थेट खुर्चीत बसू नका, थोडा वेळ शांत बसून मग रक्त द्या. ताप असेल तर साखर आणि चरबीची तपासणी बरे झाल्यावर करा.

आता एलडीएल. अहवालावर ९४ च्या समोर ‘१०० पेक्षा कमी’ असे छापलेले असते आणि आकडा ठळक नसतो, म्हणून अण्णांना तो नॉर्मल वाटला. ती मर्यादा ज्यांना हृदयविकार नाही अशा लोकांसाठी आहे. छापील कागदाला अण्णांची अँजिओप्लास्टी माहीत नाही. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एकदा अडथळा झाला आहे, आणि त्यातही मधुमेह आहे, त्यांचे एलडीएल ७० च्या खाली तरी असावेच, आणि आजचे बहुतेक तज्ज्ञ ते ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. म्हणजे ९४ हा अण्णांसाठी जास्त आकडा आहे. शिवाय हा ९४ गोळी चालू असताना आलेला आहे. गोळी बंद केली, तर काही आठवड्यांत तो पूर्वीच्या जागी जाऊन बसेल. तेव्हा डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न ‘गोळी बंद करू का’ हा नसून ‘मात्रा वाढवायची की जोडीला दुसरे औषध द्यायचे’ हा आहे. शेजारी म्हणतात ते अगदीच खोटे नाही: स्टॅटिन जातीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काही जणांची साखर थोडी वाढते. परंतु त्यामुळे टळणारे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांच्यापुढे ती वाढ फार लहान आहे, आणि तिच्यासाठी मधुमेहाचे औषध जुळवून घेता येते. अंग सतत दुखू लागले तर मात्र डॉक्टरांना सांगा, त्यासाठी सीपीके नावाची स्नायूंची वेगळी चाचणी आहे.

याच संदर्भात एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. एलडीएल अनेकदा यंत्राने मोजलेले नसते, गणिताने काढलेले असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. अण्णांचे आकडे घालून पाहा: १७४ मधून ३८ गेले, २१० चा पाचवा भाग म्हणजे ४२ गेला, उरले ९४. ट्रायग्लिसराइड जितके जास्त, तितके हे गणित कच्चे होत जाते, आणि ४०० च्या वर तर ते वापरूच नये. म्हणून अशा रुग्णांत मी नॉन-एचडीएल पाहायला सांगते. ते एकूणमधून फक्त एचडीएल वजा करून मिळते, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. अण्णांचे १३६ आहे, आणि ते ८५ च्या खाली असायला हवे. १३६ आणि ८५ यांतले हे अंतर मला ९४ या आकड्यापेक्षा जास्त खरे बोलणारे वाटते. ट्रायग्लिसराइडचा बराच भाग साखर आटोक्यात आली की आपोआप उतरतो. थायरॉइड मंद असेल तरीही कोलेस्टेरॉल वाढते, त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची चाचणी आधी कधी केली नसेल तर एकदा करून घ्यावी. लायपोप्रोटीन-ए ही आनुवंशिक चरबीची चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते. अण्णांची ती झाली नसेल तर करण्यासारखी आहे, आणि ती ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर आपण आणि आपल्या भावानेही करून घ्यावी. भावाला पैसे खर्च करायचेच असतील, तर ते इथे करावेत.

कारण ‘फुल बॉडी’च्या पॅकेजमधून त्यांना हवे ते उत्तर मिळणार नाही. रक्ताच्या कोणत्याही चाचणीत ब्लॉकेज दिसत नाही. ट्रोपोनिन हे रक्तात तपासले जाणारे प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढते, म्हणजे घटना घडून गेल्यावर, आणि अगदी सुरुवातीला तेही नॉर्मल असू शकते. म्हणून रुग्णालयात ते काही तासांनी पुन्हा करतात. मधुमेही माणसाला झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. नुसता घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, पोटात मळमळ एवढेच होऊ शकते. असे झाले तर लॅबमध्ये जायचे नाही, १०८ ला फोन करायचा आणि जिथे ईसीजी आणि अँजिओग्राफीची सोय आहे अशा रुग्णालयात पोहोचायचे. पॅकेजची दुसरी अडचण गणिताची आहे. प्रत्येक चाचणीची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक तिच्यात बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तर त्या सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता फक्त ३६ टक्के उरते. ऐंशी चाचण्यांत एखाद-दोन ठळक आकडे निघणार, हे जवळपास ठरलेले आहे, आणि मग त्यांच्या मागे धावण्यात वेळ, पैसा आणि झोप जाते.

एवढे असून अशा मोठ्या यादीत मधुमेहासाठी अत्यावश्यक असलेली एक स्वस्त चाचणी अनेकदा नसते, आणि आपल्या पत्रातही ती दिसत नाही. ती म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्यायचा. निकाल ३० च्या खाली असावा. मूत्रपिंडाला मधुमेहाची झळ लागू लागली की रक्तातले क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी हा आकडा वाढतो, आणि तो हृदयाच्या धोक्याचीही सूचना देतो. या टप्प्यावर उपचार सुरू झाले तर फरक पडतो, म्हणून मी हिच्याबद्दल आग्रही आहे. अण्णांचे क्रिएटिनिन १.२ छापील मर्यादेत असले, तरी वय आणि लिंग धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाचे काम, ज्याला ईजीएफआर म्हणतात, सुमारे ६६ येते. पंचविशीतल्या तरुणाचे याच १.२ ला ८६ आले असते. ६६ ही घाबरण्याची पातळी नाही आणि मेटफॉर्मिनलाही त्याने अडथळा येत नाही, पण लघवीच्या चाचणीशिवाय त्याचा अर्थ पूर्ण लागत नाही. रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल जातीची असेल तर पोटॅशियमही सोबत पाहावे.

पुढच्या वेळापत्रकाबद्दल म्हणाल, तर एचबीएवनसी साखर स्थिरावेपर्यंत तीन महिन्यांनी आणि नंतर सहा महिन्यांनी पुरे. कोलेस्टेरॉलचे औषध बदलले तर ४ ते १२ आठवड्यांत चरबीची तपासणी आणि मग वर्षातून एकदा. क्रिएटिनिन, पोटॅशियम सहा महिन्यांनी. लघवीची ती चाचणी वर्षातून एकदा. यातल्या अनेक चाचण्या जिल्हा शासकीय रुग्णालयात होतात आणि हृदयरोगासाठी शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालयही आहे, हे खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगते.

या आठवड्यात मात्र क्रम असा ठेवा: आज अण्णांशी शौचाविषयी बोलणे, दोन दिवसांत फेरिटिन, बी-१२, शौचातील रक्त आणि लघवीचे गुणोत्तर यांचे नमुने देणे, आणि ते निकाल, दोन्ही लॅबचे अहवाल, अँजिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जाणे. तोपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी रोज रात्री चालूच राहू द्या. फेरिटिनचा आकडा आला की मला कळवा.